पार्लर, पोलिसांचा दाखला आणि ‘चारित्र्य’ हा शब्द

सोलापूरच्या भवानी पेठेतून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आमच्या गल्लीत आई अजून उंबऱ्यात बसून विड्या वळते आणि मुलगी आतल्या खोलीत आरसा लावून थ्रेडिंग करते. गावाकडच्या गटांतही आता हेच चित्र आहे. विडीपेक्षा, रोजंदारीपेक्षा पार्लरला मान आहे, सावली आहे, लग्नसराईत पैसाही बरा आहे. म्हणून गटांतून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. पार्लर टाकायला किंवा कुणाच्या पार्लरात कामाला लागायला पोलिसांचा दाखला लागतो का?

उत्तर आधी सांगतो. स्वतःचं छोटं पार्लर टाकताना दुकानाची नोंद करायला हा दाखला लागत नाही. महाराष्ट्रात दुकानांचा 2017 चा कायदा आहे, ज्याला आपण शॉप अ‍ॅक्ट म्हणतो. मोजकीच माणसं कामाला असतील तर धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांच्या आत ऑनलाइन फक्त सूचना द्यायची. ओळखपत्र, पत्ता, मराठी पाटीसह दुकानाचा फोटो, स्वतःची घोषणा, एवढ्यावर काम होतं. उद्यम नोंदणी तर फुकट आहे. शहरात असाल तर महापालिकेच्या परवाना विभागात आणि गावात असाल तर ग्रामपंचायतीत एकदा विचारून घ्या, कारण जागेचे नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात. पण “आधी पोलिसांचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर दुकान सील होईल” असं सांगून हजारो रुपये मागणारा एजंट आला, तर त्याला म्हणा, कुठल्या कायद्यात लिहिलंय ते कागदावर दाखव. आमच्या गटातल्या एका ताईला असाच एक भेटला होता. तिनं कागद मागितला, तो चहा न पिताच गेला.

अमेरिकेत मात्र वेगळं आहे. तिथं केस कापायला आणि पार्लरचं काम करायला राज्याचं लायसन्स लागतं, आणि कितीतरी ठिकाणी अर्जात जुन्या गुन्ह्यांची विचारणा होते. शिक्षा भोगून आलेल्या बाईनं कारागृहातच हे काम शिकावं आणि बाहेर आल्यावर त्याच कामाचं लायसन्स अडावं, असे प्रकार तिथं झाले. त्यावर ओरड झाली आणि काही राज्यांनी नियम सैल केले. आता गुन्ह्याचा त्या कामाशी संबंध आहे का, हे तिथं बघतात. आपल्याकडे लायसन्सचीच ती अट नाही, हे एका अर्थी बरं आहे.

मग दाखला मागतं कोण? नोकरी देणारे. पुण्या-मुंबईत अर्बन कंपनीसारख्या घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्या मुलींना घेण्याआधी पार्श्वभूमी तपासतात. मोठी हॉटेलं, स्पा, साखळी सलून हेही मागतात. स्पाच्या नावाखाली भलते धंदे चालल्याच्या बातम्या येतात, पिटा कायद्याखाली छापे पडतात, त्यामुळे मालकही धास्तावलेले असतात. परदेशी जायचं असेल तर दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून घ्यावा लागतो, ती वाट वेगळी.

आता त्या दाखल्याचं नाव बघा. ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’. आमच्या एका गटातली ताई नवऱ्यापासून वेगळी राहते. काम उत्तम, हात हलका, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तिच्याकडे बसायला जागा नसते. पुण्याला चांगली नोकरी चालून आली होती. फॉर्मवर ‘चारित्र्य’ वाचलं आणि ती फॉर्म घडी घालून घरी गेली. म्हणाली, पोलिस गल्लीत येऊन विचारणार, ही बाई कशी आहे, आणि गल्ली काय सांगणार ते मला माहीत आहे.

तिचं काही खोटं नाही. पुरुषानं तोच फॉर्म भरला तर त्याला चोरी-मारामारीची चौकशी आठवते. बाईच्या बाबतीत ‘चारित्र्य’ म्हटलं की लोकांच्या डोक्यात दुसरंच येतं. हा शब्द बदलायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘गुन्हे नोंद पडताळणी’ म्हणा ना, कारण आत तपासतात तेवढंच. तुमच्या नावावर पोलिसांकडे गुन्ह्याची नोंद आहे का, आणि तुम्ही सांगितलेल्या पत्त्यावर राहता का. घटस्फोट हा गुन्हा नाही. वेगळं राहणं, दुसरं लग्न करणं, रात्री उशिरा कामावरून येणं, यातलं काहीही त्या दाखल्यात लिहिण्यासारखं नाही. आणि छळाची तक्रार तुम्ही नवऱ्यावर केली असेल, तर त्या कागदात तुम्ही फिर्यादी आहात, आरोपी नाही. हे आम्ही तीन-तीनदा सांगतो, कारण पुष्कळ बायकांना वाटतं, आपलं नाव ठाण्याच्या कागदावर आलं म्हणजे संपलं.

अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करतात. सोलापूर शहरात राहणारीचा दाखला पोलिस आयुक्तांकडून येतो, तालुक्यात राहणारीचा ग्रामीण पोलिस अधीक्षकांकडून. बार्शी-मोहोळच्या बाईनं शहरातल्या कार्यालयाची निवड केली तर अर्ज अडकून पडतो. आधार, राहण्याचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो आणि नोकरी देणाऱ्याचं पत्र जवळ ठेवा. नाव सगळीकडे एकसारखं हवं. माहेरचं आडनाव शाळेच्या दाखल्यावर आणि सासरचं आधारवर असेल तर लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागते. खरं सांगायचं तर गुन्ह्यापेक्षा या आडनावापायीच जास्त अर्ज परत येतात. फी ऑनलाइन भरायची आणि पावती घ्यायची. ठाण्यात बोलावलं तर दिवसा जा, गटातली एक जण बरोबर न्या.

नावावर खरंच केस असेल तर? नळावरच्या भांडणात दोन्हीकडून तक्रारी होतात, एखादीचं नाव आरोपी म्हणून लागतं. लपवू नका. निर्दोष सुटला असाल तर न्यायालयाच्या निकालाची प्रत अर्जाला जोडा. सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली अवतार सिंग प्रकरणात सांगितलं की माहिती खरी द्यावी, आणि मालकानंही प्रकरण किरकोळ आहे की गंभीर, हे बघून ठरवावं. खासगी मालकाला तो निकाल जसाच्या तसा लागू नाही, पण त्याच्याशी बोलताना हा विचार मांडता येतो.

सोलापुरात या विषयाला आणखी एक पदर आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. आपल्या शहरात त्यांची सेटलमेंट होती, तारेचं कुंपण होतं, रोजची हजेरी होती. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, पण सेटलमेंट हे नाव वस्तीला चिकटून राहिलं. तिथल्या आमच्या मैत्रिणी सांगतात, पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो. आजीनं हजेरी दिली, त्यांची नात आज ब्रायडल मेकअप शिकते आणि तिला परत ठाण्याच्या दारात उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतला जातीवरून होणारा भेदभाव रद्द केला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही हे बघायला पोलिसांना सांगितलं. दाखला नाकारला आणि कारण म्हणून वस्ती किंवा जात सांगितली, तर कारण लेखी मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना वकील मोफत मिळतो.

शेवटचं, जे कुणी विचारत नाही. कंपनी आमच्या मुलीची तपासणी करते, पण मुलगी ज्या अनोळखी घरात एकटी जाते त्या घराची तपासणी कोण करतं? कंपनीत रुजू होतानाच विचारून घ्या, गिऱ्हाइकाचं नाव-नंबर पक्का करता का, घरातून निघून यायची वेळ आली तर पैसे कापणार का, फोन कुणाला करायचा. पार्लरात दहापेक्षा कमी जणी असतील आणि मालकानं किंवा कुणी त्रास दिला, तर 2013 च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. आणि ज्या मालकीणबाई आहेत त्यांनी कामाला घेताना मुलीचं वय आधी बघा. चौदा वर्षांखालच्या मुलीला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे, तिची आई कितीही गयावया करू दे.

ज्यांचा अर्ज भरायचा राहिलाय त्यांनी गटाच्या पुढच्या बैठकीला येताना आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला, दोन्हीची मूळ प्रत आणा. दोन्ही कागदांवरची नावं आपण आधी शेजारी ठेवून वाचू, मग फॉर्मला हात लावू.