विकतची शिफारस



१९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची स्मृती जपणारे जबलपूरचे कमानिया गेट भर बाजारपेठेत उभे आहे. बाजारात दुकानाची पत गिऱ्हाइकांच्या शिफारशीवर वाढते. गुगलने १९९८ पासून हेच तत्त्व संकेतस्थळांना लावले : इतरांनी दिलेला दुवा म्हणजे शिफारस. पुढे घाऊक दुवे पुरविणाऱ्या स्वयंचलित सेवा निघाल्या. २०१२ च्या ‘पेंग्विन’ सुधारणेने अशी अनेक संकेतस्थळे खाली घसरली. म्हणून छोट्या व्यापाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी सेवेची चाचणी घ्यावी. सारख्या दोन पानांपैकी एकालाच दुवे द्यावेत व काही महिने दोहोंचे स्थान नोंदवावे. तात्पुरती चढती हा पुरावा नव्हे. अर्थशास्त्रातील गुडहार्टचा नियम हेच सांगतो : मापदंडच उद्दिष्ट बनला की त्याची विश्वासार्हता संपते.