अडतीस आठवड्यांचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज पाण्याच्या टाकीवर, रस्त्यांवर, झाडांवर बोलायला बरीच मंडळी आहेत. मला मात्र सचिवांनी सांगितले, "काका, तुम्ही फुटबॉलवर बोला." तेव्हा मागे बसलेले काही जण हसले. त्यांचे काही चुकले नाही. मी उभ्या आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही. बँकेच्या काउंटरमागे नोकरी गेली, आता सत्तरी ओलांडली. पण गेली तीन वर्षे आपल्या फलकावर दर आठवड्याला गुणांचा जो तक्ता लागतो तो मी लिहितो. त्या लीगचा जमाखर्च आज आपल्यासमोर मांडतो.

प्रथम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग नावाची फुटबॉल स्पर्धा आहे. २० संघ, ऑगस्ट ते मे, प्रत्येक संघाचे ३८ सामने. त्या स्पर्धेवरचा फँटसीचा खेळ मोबाइलवर फुकट खेळता येतो. कागदावर तुम्हाला १०० दशलक्ष पौंड भांडवल मिळते. प्रत्येक खेळाडूची किंमत ठरलेली. त्या भांडवलात १५ जणांचा संघ बसवायचा: २ गोलरक्षक, ५ बचावाचे, ५ मधल्या फळीचे, ३ आघाडीचे. एका क्लबचे तिनापेक्षा जास्त घेता येत नाहीत. आम्ही बँकेत एकाच कर्जदाराला सगळा पैसा देत नसू, तसेच हे. मग तो खेळाडू तिकडे खऱ्या सामन्यात जे करील त्याचे गुण इकडे तुमच्या खात्यात जमा. आघाडीच्या खेळाडूने गोल केला तर ४, मधल्या फळीतल्याने केला तर ५, बचावाच्या खेळाडूने केला तर ६. गोल करायला पास दिला तर ३. पिवळे कार्ड मिळाले की १ गुण वजा. ज्याला कॅप्टन केले त्याचे गुण दुप्पट. आठवड्याला एक खेळाडू फुकट बदलता येतो. त्यापुढे प्रत्येक बदलाला ४ गुण कापले जातात. त्याला मी बँक चार्जेस म्हणतो.

हा खेळ काही मोबाइलने जन्माला घातलेला नाही, बरं का. १९६२ साली अमेरिकेत ओकलंडच्या बिल विंकेनबाक नावाच्या गृहस्थाने मित्रांना घेऊन त्यांच्याकडच्या फुटबॉलसाठी असे नियम बसवले. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने बेसबॉलसाठी केले. इटलीत रिकार्डो अल्बिनी यांनी १९९० मध्ये 'फँटाकॅल्चो' आणले. तेव्हा लोक वर्तमानपत्रातले आकडे पाहून वहीत बेरजा करीत. आपल्याकडे २००८ साली मुंबईत ड्रीम इलेव्हन सुरू झाली आणि फँटसी हा शब्द गावोगावी पोहोचला.

आता सोनगीरला हे खूळ कसे आले ते सांगतो. यात माझ्या घरची गोष्ट आहे. ती सांगण्यासाठी मी नातवाची परवानगी घेतली आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात माझा धाकटा नातू कॉलेजसाठी बाहेरगावी होता. जूनमध्ये वसतिगृहातून फोन आला की फी भरलेली नाही. फी तर मी स्वतः त्याच्या खात्यात टाकली होती. पासबुकाची नोंद काढली. ४९ रुपये, ४९ रुपये, मग ९९, मग ४९९. अशा ओळीच्या ओळी, एका पैशांच्या फँटसी अ‍ॅपला गेलेल्या. मधूनमधून शे-दोनशे परत आलेले. एकूण बावीस हजार गेले होते.

मी फार बोललो त्याला. दुसऱ्याच्या खात्यातली चुकीची नोंद मी लांबून ओळखत असे, आणि घरातल्या पोराचे खाते माझ्या नजरेतून सुटले, हा राग मी त्याच्यावर काढला. तो घरी आला, पण महिनाभर माझ्याशी बोलला नाही. ताटावर बसायचा, खाली मान घालून जेवायचा, उठायचा.

एका रात्री मीच त्याच्या खोलीत गेलो. म्हटले, "मला शिकव. त्यात एवढे काय आहे ते मला बघू दे." तो म्हणाला, "आबा, पैसे न लावताही खेळता येतं. इंग्लंडचा फुटबॉलचा आहे." त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून एक संघ केला. बऱ्याच दिवसांनी तो सलग अर्धा तास बोलला. तेव्हा मनात आले, याच्यासारखी आणखी पोरे आपल्या सोसायटीत असतील. त्यांना नुसते "नको" म्हणून ती थांबणार नाहीत. त्यांच्याबरोबर बसावे लागेल.

क्रिकेट मुद्दाम टाळले. त्याच्या मोसमात रोज सामना, रोज तगमग. इथे बहुधा आठवड्यातून एकदा संघ लावायचा, मग आपापल्या कामाला लागायचे. शिवाय हॉलंड, सलाह यांच्यावरून आपल्या गल्लीत कोणाची भांडणे होणार नाहीत असे वाटले होते. ते मात्र चुकीचे ठरले.

जुलैमध्ये सभागृहात बैठक घेतली. शेजारचे तांबटभाऊ म्हणाले, "भाऊ, हाई काय नवं खूळ काढं तुम्ही? आपले काय समजस त्यामां!" तरी पहिल्या वर्षी २३ जण आले. ११ ऑगस्ट २०२३ ला बर्नली आणि मँचेस्टर सिटीचा पहिला सामना झाला. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. हॉलंडने २ गोल केले आणि ज्यांनी त्याला कॅप्टन केले होते ते सकाळी दूध घेताना छाती काढून चालत होते.

लीग उघडायला पाच मिनिटे लागतात. अ‍ॅपवर खाजगी लीग करायची, एक कोड मिळतो, तो सगळ्यांना कळवायचा. चालवणे अवघड. आमच्याकडून काय चुकले आणि त्यातून काय नियम झाले ते सांगतो. कोणाला दुसरीकडे करायचे असेल तर उपयोगी पडेल.

पहिला नियम मी केला होता 'एक घर, एक संघ'. मला तो फार सहकारी वाटला. त्यावर आपल्याच एका सूनबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, घर एक असलं तरी डोकी चार आहेत. आणि घराचा संघ म्हणजे शेवटी पुरुषांचाच होणार ना?" सहकारात 'एक सभासद, एक मत' असते, हे मीच वर्षानुवर्षे लोकांना सांगत आलो होतो. नियम बदलला: एक माणूस, एक संघ. दुसऱ्याच्या नावाने संघ नको. त्या वर्षी पहिला क्रमांक त्याच सूनबाईंचा आला.

दुसरी गोष्ट, नियम खेळ सुरू होण्याआधी लिहायचे. मोसमाच्या मध्ये एकही नियम बदलायचा नाही, मग कितीही अन्याय वाटो. जानेवारी २०२४ मध्ये सलाह आपल्या इजिप्तकडून आफ्रिकन नेशन्स स्पर्धेला गेला आणि निम्म्या मंडळींचा कॅप्टन गायब. "आम्हाला एक जादा बदल फुकट द्या" अशी मागणी आली. ती अ‍ॅपच्या हातात, माझ्या नाही. पण माझ्या हातात असती तरी दिली नसती. स्पर्धेची तारीख सगळ्यांना आधीच ठाऊक होती.

तिसरी चूक माझी. संघ बदलण्याची मुदत पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संपते. हिवाळ्यात शनिवारी ती बहुधा आपल्या साडेचारला असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात. २०२४ मध्ये तो रविवार नेमका ३१ मार्च होता. उभी नोकरी ३१ मार्चला क्लोजिंग केलेला मी माणूस, आणि हेच विसरलो! फलकावर साडेचारच लिहिले. पुढच्या शनिवारी मुदत साडेतीनला संपली आणि चार वाजता मोबाइल उघडणारे नऊ जण अडकले. गुण परत मिळणे शक्य नव्हते. मी फलकावर मोठ्या अक्षरात लिहिले, 'चूक माझी आहे', आणि खाली सही केली. नातू मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "आबा, तुम्हीपण चुकता?" मी म्हटले, "चुकतो. फक्त फलकावर लिहायला उशीर करायचा नाही."

चौथी आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे मागे पडलेली माणसे. डिसेंबर आला की शेवटचे आठ-दहा जण संघ लावणे सोडतात. पुढच्यांची मजाही त्यामुळे जाते. थकबाकीदार सभेला येणे बंद करतो तसेच. त्यावर आम्ही दोन उपाय केले. एक, दर महिन्याचा वेगळा मानकरी. महिना बदलला की सगळे पुन्हा शून्यावर. दुसरा, सोमवारी फलक लिहिताना मी तळापासून लिहितो. शेवटच्याचे नाव आधी आणि त्याच्या संघातली एक चांगली गोष्ट शेजारी. गेल्या मोसमात ३१ पैकी २९ जणांनी शेवटच्या, अडतिसाव्या आठवड्यापर्यंत संघ लावला. लीग नीट चालली की नाही याचा माझा ताळेबंद तोच आहे.

आता पैशाचा प्रश्न. दुसऱ्या वर्षी सूचना आली की प्रत्येकी शंभर रुपये काढू, जिंकणाऱ्याला देऊ, रंगत वाढेल. सूचक आणि अनुमोदक दोघेही भले लोक. मी उभा राहिलो, पण बोलायच्या आधी नातूच बोलला. सगळ्यांसमोर, पहिल्यांदा. म्हणाला, "माझी सुरुवात ४९ रुपयांनी झाली होती." एवढेच बोलून खाली बसला. ठराव मांडणाऱ्यांनी स्वतःहून मागे घेतला.

लोक विचारतात, हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? हा वाद कोर्टातही वर्षानुवर्षे चालला. माझा अनुभव सांगतो. एका आठवड्याचा पहिला क्रमांक बहुतेक नशिबाचा. अडतीस आठवड्यांचा पहिला क्रमांक बहुतेक अभ्यासाचा. पैसे लावणारा पोरगा अडतीस आठवडे थांबत नाही, त्याला आज रात्रीचे उत्तर हवे असते. खड्डा तिथे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. चांगले झाले. पण कायदा दार बंद करतो, पोराच्या शेजारी येऊन बसत नाही. ते काम घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे.

बक्षीस म्हणून आमच्याकडे फिरती ढाल नाही, फिरती कळशी आहे. पितळेची, आपल्या सोनगीरच्याच कारागिराने ठोकून घडवलेली. दर वर्षी विजेत्याचे नाव तिच्यावर घालतो. "समजत नाही" म्हणणाऱ्या तांबटभाऊंनीच ती घडवली आणि यंदा त्यांचाही संघ आहे. सध्या ते बाराव्या क्रमांकावर आहेत, माझ्या पुढे सात जागा.

२०२५-२६ च्या मोसमापासून त्या खेळात एक नवा नियम आला. बचावाच्या खेळाडूने सामन्यात ठरलेल्या संख्येइतक्या वेळा चेंडू अडवला, काढून घेतला, तर गोल न करताही २ गुण मिळतात. मला फार आवडला. पंचवीस वर्षे आपल्या सोसायटीत पहाटे व्हॉल्व्ह सोडणारे, गटार तुंबले की आधी धावणारे लोक आहेत. त्यांचे नाव कोणत्याच कळशीवर नाही. आजच्या दिवशी त्यांच्या खात्यात दोन-दोन गुण जमा करावेत, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.

नातू आता पुण्याला नोकरीला आहे. लीगचा कोड, नोंदी सगळे तोच सांभाळतो. दर शुक्रवारी रात्री त्याचा फोन येतो, "आबा, कॅप्टन कोण?" मी विचार केल्यासारखे करतो आणि तो सांगेल तेच नाव लावतो.

पुढच्या ऑगस्टला नवी लीग सुरू होईल. ज्यांना यायचे आहे त्यांनी जुलैअखेर माझ्याकडे नाव द्यावे. फी नाही. वयाची अटही नाही.