हायड्रेंजिया: आधी अंगण बघा, मग रोप घ्या

आज आपण हायड्रेंजियाबद्दल बोलणार आहोत. महाबळेश्वरला गेलं की बंगल्यांच्या आवारात निळ्या-गुलाबी फुलांचे मोठे गोल गेंद दिसतात ना, तेच हे झाड. हल्ली आपल्याकडच्या रोपवाटिकांमध्येही ते मिळतं. फुललेलं रोप बघून मन भुलतं, आपण पैसे मोजतो, आणि मे महिन्यात कुंडीत नुसत्या काड्या उरतात. माझं पहिलं रोप असंच गेलं. पश्चिमेच्या पायरीवर ठेवलं होतं, वर पत्रा. एप्रिलच्या दुपारी पानं भाजल्यासारखी झाली. मी दिवसातून तीनदा पाणी ओतत राहिले, तशी मुळंही कुजली.

दुसरं रोप मात्र विचार करून आणलं. घराच्या पूर्वेला, आंब्याच्या सावलीत ठेवलं. आणताना त्याला गर्द निळी फुलं होती. पावसाळ्यात त्याची एक फांदी माहेरी वहिनीला दिली. पुढच्या हंगामात माझ्या झाडाला चक्क गुलाबी फुलं आली! मला वाटलं, रोपवाटिकेत फसवलं मला. भांडायला जाणारच होते. पण नंतर वहिनीच्या रोपाला फुलं आली ती निळी. ती म्हणाली, “वन्सं, झाड तर तुमचंच आहे, मग रंग कसा बदलला?”

उत्तर मातीत होतं. माझं सासर मंचरच्या बाजूला, काळ्या, चुनखडीच्या मातीत. माहेर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, धो धो पावसाच्या तांबड्या मातीत. माती आम्ल असेल, म्हणजे तिचा सामू ५.५ च्या खाली असेल, तर मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून झाडाला मिळतं आणि फूल निळं होतं. सामू ६.५ च्या वर गेला की ते मातीतच अडकून राहतं आणि फूल गुलाबी येतं. मधल्या मातीत जांभळट छटा येते. पांढरी जात मात्र निळी होत नाही. म्हणजे मला कुणीच फसवलं नव्हतं. माझ्या मातीनं तिचा रंग दाखवला होता.

म्हणून मैत्रिणींनो, रोप घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा: ऊन, पाणी आणि माती.

आधी ऊन. सकाळचे दोन-तीन तास कोवळं ऊन आणि दुपारी पूर्ण सावली, अशी जागा हवी. पूर्वेचा ओटा किंवा मोठ्या झाडाची सावली चालते. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या पट्ट्यात हवा थंड आणि ओलसर, तिथं हे झाड सोपं जातं. नारायणगाव, आळेफाटा, मंचरकडे दुपारच्या सावलीशिवाय ते टिकत नाही. तुमच्या अंगणात दिवसभर ऊन असेल, तर खुशाल जास्वंद किंवा एक्झोरा लावा. एक्झोरालाही फुलांचे गेंद येतात, आणि त्याला ऊन आवडतं.

दुसरं पाणी. हे झाड मूळचं जपानचं, तिथं ते जूनच्या पावसात बहरतं. त्यामुळे त्याला ओल हवी, पण चिखल नको. दुपारी पानं माना टाकतात, म्हणून लगेच तांब्या घेऊन धावू नका. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. आत ओल असेल तर संध्याकाळी पानं आपोआप उभी राहतात. कुंडीत उसाचं पाचट किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्या की पाणी कमी लागतं. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं पाणी मात्र घालू नका. आणि ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी हंडे घेऊन टँकरची वाट बघावी लागते, तिथं एका कुंडीवर थांबा. फुलासाठी बाईची पाठ मोडायला नको.

पाणी सकाळीच घाला. रात्रभर पानं ओली राहिली की बुरशी येते. शिवाय आपला भाग बिबट्याचा. उसाला लागून घर असेल तर तिन्हीसांजेला कुंड्यांशी वाकून बसणं बरं नव्हे.

तिसरी माती. काळ्या मातीच्या गावात हे झाड कुंडीतच लावा. बारा इंची कुंडी घ्या, खाली पाणी निघायला भोक हवंच. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग कोकोपीट आणि दोन मुठी चांगलं मुरलेलं शेणखत. पाला आपल्या बांधावरचा घ्या, अभयारण्यातून माती किंवा पाला आणू नका. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. शेताच्या माती-परीक्षणाचं विचाराल तेव्हा अंगणातल्या मातीच्या सामूचंही विचारून घ्या.

निळाच रंग हवा असेल तर चुलीची राख आणि अंड्याची टरफलं या कुंडीत टाकू नका, त्यानं माती आम्ल राहत नाही. बोअरचं जड पाणीही तेच करतं. जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून वापरा. दिवाळीपासून कळ्या दिसेपर्यंत, चार लिटर पाण्यात एक चहाचा चमचा तुरटीची पूड विरघळवून पंधरा दिवसांतून एकदा द्या. आधी साधं पाणी, मग हे, आणि तेही मुळाशी, पानांवर नाही. चमचा वाढवू नका, मुळं जळतात. रंग बदलायला एक हंगाम जातो. गुलाबी आवडत असेल तर काहीच करू नका. मी आता तेच करते.

रोप निवडताना पूर्ण फुललेलं घेऊ नका, कळ्या असलेलं घ्या. पानं उलटी करून बघा. बारीक जाळी, लाल ठिपके दिसले तर लाल कोळी आहे, ते रोप तिथंच राहू द्या.

सगळ्यात जास्त चुकते ती छाटणी. बागेत फुलणारं हे झाड जुन्या फांदीवर फुलतं, आणि पुढच्या फुलांच्या कळ्या थंडीत तयार होतात. दिवाळीच्या साफसफाईत कात्री चालवलीत की पुढचा बहर गेला. बहर संपला की लगेच वाळलेली फुलं काढा, पुढे फक्त सुकलेली काडी तोडा.

एक सावधगिरी. याची पानं आणि कळ्या विषारी असतात. शेळ्या, वासरं आणि रांगती मुलं यांच्यापासून झाड दूर ठेवा, छाटलेला पाला गोठ्यात टाकू नका.

आषाढ-श्रावणात फूल नसलेली, दोन-तीन पेरांची फांदी कापा, खालची पानं काढा, वरची अर्धी करा आणि ओल्या रेतीत, सावलीत खोचा. महिन्याभरात मुळं फुटतात. संक्रांतीपर्यंत छोटं रोप तयार होतं. यंदा हळदी-कुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी हेच वाण द्या. फक्त देताना तिचं अंगण विचारा, दुपारी सावली आहे का तेही विचारा. आणि फूल कुठल्या रंगाचं येईल, ते तिच्या मातीवर सोडा.

वहिनीच्या दारात निळं, माझ्या दारात गुलाबी. झाड एकच. आता दर पावसाळ्यात आमचा फोन होतो, तो “या वर्षी तुझं कसं फुललं?” इथूनच सुरू होतो.