वाद्य कोणासाठी वाजते?

नेपाळच्या डोंगरवाटांनी हिंडणाऱ्या गाइने जातीच्या गायकाची सारंगी आपल्या मैफलीतील सारंगीहून निराळी असते. एकाच लाकडातून कोरलेली, खालच्या भागावर कातडे मढविलेली, अवघ्या चार तारांची. ती घेऊन दारोदार उभे राहावयाचे, राजांचे आणि लढायांवर गेलेल्या शिपायांचे पराक्रम गावयाचे, आणि पदरी पडेल ते धान्य घेऊन पुढचे गाव गाठावयाचे, हा या गायकांचा पिढीजात व्यवसाय. आज ते स्वतःस गंधर्व म्हणवितात. त्यांच्या वीरगीतांना कर्खा म्हणतात; ती ऐकताना मराठी माणसास आपल्या पोवाड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

१९६६ साली पॅरिसमधील एका नियतकालिकात अशा एका सारंगीवर लेख प्रसिद्ध झाला. लेखक दोघे होते: मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर मॅकडोनल्ड आणि फ्रेंच संगीत-संशोधिका मिरेय एल्फेर. एल्फेरबाईंनी पुढे कित्येक दशके नेपाळी व तिबेटी संगीताचा अभ्यास केला, आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्या संशोधन-संचालक या पदापर्यंत पोहोचल्या. या दीर्घ व्यासंगाचे सूत्र एका साध्या प्रश्नात सांगता येईल: हे वाद्य कोणासाठी वाजते?

१९५१ साली राणांची सत्ता संपली आणि नेपाळची दारे परदेशी अभ्यासकांस हळूहळू उघडली. त्यानंतर तेथे गेलेल्यांपैकी बहुतेकांची दृष्टी मंदिरांकडे, मूर्तींकडे आणि हस्तलिखितांकडे वळणे स्वाभाविक होते. एल्फेरबाईंनी आरंभ केला तो समाजाने ज्यांना पायरीखाली ठेवले होते अशा गायक-वादकांपासून. १९६९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रिकेचे नावच मुळी ‘नेपाळमधील वादकांच्या जाती’ असे होते. दमाई हे शिवणकाम करणारे लोक. लग्नात पंचैबाजा वाजविण्याचा मान त्यांचा. सनई, नरसिंगा, दमाहा, ट्याम्को आणि झ्याली यांच्या गजरावाचून मंगलकार्य पुरे होत नसे, पण वाजविणाऱ्यास मात्र उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. १९६३ च्या कायद्याने नेपाळात जातिभेदाची कायदेशीर मान्यता काढून घेतली. रूढी तेवढ्याने संपली नाही. सूर शुभ आणि सूर काढणारा अस्पृश्य, ही विसंगती कोणत्याही स्वरलिपीत उतरत नाही. ती जाणण्यासाठी वाद्याबरोबर वादकाचे घर, त्याचे गिऱ्हाईक आणि त्याची मजुरी यांचीही चौकशी करावी लागते.

त्यानंतर त्यांचे लक्ष तिबेटकडे वळले. गेसर राजाचे महाकाव्य तिबेटी लोकांत शतकानुशतके गाइले जात आहे. दरिद्री आणि उपेक्षित असा एक मुलगा घोड्यांची शर्यत जिंकतो आणि लिंग देशाचा राजा होतो, असा त्यातील एका प्रसिद्ध भागाचा कथाभाग. लोबसांग तेंझिन या गायकाने गाइलेल्या या भागातील गीतांवर एल्फेरबाईंचा ग्रंथ १९७७ साली निघाला. निवेदन गद्यात चालते. पण पात्र बोलू लागले की गद्य थांबते आणि गाणे सुरू होते. प्रथम ते पात्र आपण कोण आणि कोठे उभे आहोत हे सांगते, मग मनातले बोलते. कागदावर हे काव्य वाचणाऱ्यास केवळ पुनरुक्ती दिसेल. कानांनी ऐकणाऱ्यास त्या चालीतून माणूस ओळखू येतो.

१९५९ नंतर हजारो तिबेटी लोक भारतात व नेपाळात निर्वासित म्हणून आले. त्यांच्याबरोबर भिक्षू आले आणि त्यांचे विधीही आले. काठमांडूजवळ बौद्धनाथ येथे उभ्या राहिलेल्या शेचेन मठात एल्फेरबाईंनी या विधिसंगीताचा अभ्यास केला. तेथे शंख, घंटा आणि डमरू ही आपल्या ओळखीची वाद्ये आहेत. सनईशी नाते सांगणारे ग्यालिंग आहे. आणि एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे, माणसाच्या उंचीहून लांब असे दुंगचेन आहे. घंटा ही प्रज्ञेची आणि तिच्या जोडीचे वज्र हे उपायाचे प्रतीक. मंत्रपठणाच्या पोथ्यांत स्वरांऐवजी वळणावळणाच्या रेषा काढलेल्या असतात. आवाज कोठे चढावा, कोठे उतरावा, हे त्या रेषा सुचवितात. पण गुरूच्या मुखातून शिकल्यावाचून त्या कोणास वाचता येत नाहीत. पोथी वाचली आणि परंपरा तुटली, तर मागे उरतील त्या मुक्या रेषा. निर्वासितांच्या पिढीपुढे हेच भय होते.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बृहद्ग्रंथाचे नाव ‘म्छोद-रोल’. त्याचा अर्थ पूजेचे, अर्पणाचे वादन. वाद्यांचे वर्णन, तिबेटी ग्रंथांतील त्यांचे उल्लेख आणि विधीतील त्यांचे स्थान हे सर्व त्यात आले आहे. पण मूळ प्रश्नाचे उत्तर ग्रंथाच्या नावातच मिळते: पुष्प, दीप, धूप यांप्रमाणे नाद हाही देवतेस वाहावयाचा एक उपचार आहे. समोर श्रोता नसला तरी त्यात काही उणे राहत नाही.

गेल्या काही दशकांत तिबेटी भिक्षू परदेशांतील रंगमंचांवर हे वादन करू लागले. विधी तासन्‌तास चालतो, कार्यक्रम दीड-दोन तासांत आटोपतो, आणि शेवटी टाळ्या पडतात. यात मठांना आधार मिळतो, जगाला ओळख होते. त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. परंतु केवळ रंगमंचावरचाच नाद जपला गेला, तर पुढच्या पिढीच्या हाती ध्वनी राहील आणि अर्पण निसटेल. गाइनेची सारंगी दात्याच्या दारी वाजते, दमाईची सनई वधूवरांसाठी वाजते आणि दुंगचेन देवतेसाठी. तो धनी कोण, हे वाद्याबरोबर लिहून ठेवणे हे अभ्यासकाचे काम. आणि ते एल्फेरबाईंनी सारंगीपासून दुंगचेनपर्यंत सारख्याच आदराने केले.