संप, खटला आणि शाळेचे कुलूप



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. कायदा शिकलो तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, तारखेची वाट पाहत. म्हणून अमेरिकेतील शाळांच्या खटल्याची हकीगत आम्ही न्यायमूर्तींपासून नव्हे, संपापासून सांगणार आहोत.

व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल गावी कृष्णवर्णीय मुलांसाठी मोटन हायस्कूल होते. १८० मुलांसाठी बांधलेल्या त्या शाळेत १९५१ साली साडेचारशेहून अधिक मुले कोंबली होती. काही वर्ग भरत ते डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीच्या पुढाकाराने मुख्याध्यापकांना युक्तीने बाहेर काढले गेले, सभा भरली आणि शाळा संपावर गेली.

मुलांची मागणी साधी होती : नवी इमारत द्या. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी मात्र अट घातली. वेगळी पण बरी शाळा मागणार असाल तर आम्ही येत नाही; वेगळेपणच मोडायचे असेल तर येतो. १८९६ पासून ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व न्यायालयाने उचलून धरले होते. पालकांनी मोठी मागणी पत्करली. ११७ विद्यार्थ्यांचा दावा खाली फेटाळला गेला. पुढे तो ब्राऊन खटल्यात सामील झाला. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की वेगळ्या शाळा मुळातच असमान.

येथे टाळ्या वाजवून घरी जावेसे वाटते. पण १९५५ च्या आदेशात अंमलबजावणीची तारीखच नव्हती! बिनतारखेचा हुकूम म्हणजे काय, हे आम्ही भोगले आहे. आमच्या एका दाव्याचा निवाडा आमच्या बाजूने लागला. पैसे हाती पडेपर्यंत तीन सोबती निवर्तले होते. तिकडे १९५९ साली काउंटीने सरकारी शाळांनाच कुलूप ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले, तेव्हा कुलूप निघाले. १९५९ साली आठ वर्षांचे असलेले मूल तोवर तेरा वर्षांचे झाले होते. त्याची ही वर्षे कोणते न्यायालय परत देणार?

तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच : दावा जरूर लावा, वकील चांगला द्या, पण निकालात तारीख मागून घ्या, आणि ती उजाडेपर्यंत संघटना मोडू नका.