तिकडं सगळं बरं असतं म्हणे!

(नांदेड आणि लातूर इथं तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण)



मला विषय दिलाय 'परदेशातलं जगणं : समज आणि गैरसमज'. विषय देणाऱ्यानं विचारलं नाही, की बाबा, तू कधी परदेशात गेलायस का? नाही गेलो. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. मुंबईच्या इंदिरा गोदीत कंत्राटदाराच्या गँगमध्ये राबतो आणि पाळी सुटल्यावर कविता लिहितो. तरी बोलणार. कारण परदेशाबद्दल आपल्याकडं छातीठोक बोलणारे निम्मे तिकडं गेलेलेच नसतात. जे गेलेत ते सुट्टीला आल्यावर खरं सांगत नाहीत. त्यांचीही अडचण असते. कर्ज काढून गेलेला माणूस गावात येऊन 'मी तिथं उन्हात विटा उचलतो' असं सांगंल का?

पण परदेश माझ्याकडं रोज येतो. पोलादाच्या गुंडाळ्या घेऊन येतो, गाड्या भरून जातो. हॅचमध्ये उतरलं की कुठल्या देशाचा माल हे वासावरून कळायला लागतं. एका जहाजावरच्या फिलिपिनो खलाशाला मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, किती देश पाहिलेस? म्हणाला, चाळीस. मी म्हटलं, काय पाहिलंस? तो हसला आणि समोरच्या क्रेनकडं बोट दाखवलं. चाळीस देश म्हणजे चाळीस क्रेना. किनाऱ्यावर उतरायचा पास मिळाला तर गेटाबाहेरचं सिमकार्डाचं दुकान. त्याच्या गावात मात्र तो जग फिरून आलेला माणूस.

याच मुंबईच्या गोदीत परदेशातनं सोनंही आलं होतं बरं का. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं विलायती जहाज फुटलं. पोटात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. सोनं खरंच आभाळातनं पडलं, आणि शेकडो माणसं मेली. 'परदेशात सोनं आहे' असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं. असंल सोनं. ते कुणाच्या डोक्यावर पडतं ते बगा.

पहिला समज आपल्या पोरांचाच. विमानात बसलं की जात इथं राहते. हा समज साधा नाही, त्याच्यामागं बाबासाहेब आहेत. 1913 साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यानं आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आणि परत आल्यावर बडोद्यात राहायला खोली मिळंना. पारशाच्या धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथनंही काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असं त्या लिखाणाचं नाव. नाव व्हिसाचं, पण अपमानाचे प्रसंग सगळे स्वदेशातले. मसूरचं स्टेशन, बडोदा, चाळीसगाव आणि आपल्या मराठवाड्यातलं दौलताबाद. 1934 साली बाबासाहेब तीसेक माणसं घेऊन किल्ला बघायला आले. प्रवासाची धूळ झाली म्हणून किल्ल्याबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले, तर 'धेडांनी पाणी बाटवलं' म्हणून आरडाओरडा. शेवटी किल्ला बघायला सोडलं ते हत्यारी शिपाई बरोबर देऊन, कुठं पाण्याला शिवू नये म्हणून.

तवा हा मुलूख निजामाचा होता, लक्षात घ्या. आपले म्हातारे त्याला मोगलाई म्हणत. नाणं वेगळं, हाली शिक्का. राजा वेगळा. नांदेडच्या, लातूरच्या माणसाला मुंबई म्हणजे परमुलूखच होता, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. म्हणजे सरहद्द ओलांडणं काय असतं हे आपल्या आज्यापणज्यांना पुस्तकातनं शिकायची गरज नव्हती. त्यांनी ती ओलांडली, गिरणीत गेले, गोदीत गेले, आणि तिथं चाळीत पुन्हा वेगळा नळ बघितला.

तर मग बाबासाहेबांना जे न्यूयॉर्कात दिसलं ते आज दिसंल का? इथं माझं स्पष्ट म्हणणं आहे. 1913 साली तिथं त्यांना जातीनं ओळखणारं फारसं कुणी नव्हतं. आज आहे. जे सवर्ण इथनं गेले ते आडनाव, पोथी आणि नाक मुरडायची सवय सामानात घालून गेले. कस्टमवाला लोणचं पकडतो, हे त्याला दिसत नाही. 2020 साली कॅलिफोर्निया सरकारच्या खात्यानं सिस्को या कंपनीवर दावा लावला. आरोप असा, की एका दलित इंजिनियरला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावललं. कंपनीनं आरोप नाकारले. 2023 मध्ये त्या दोन वरिष्ठांविरुद्धची बाजू सरकारी खात्यानं मागं घेतली, कंपनीवरचा दावा तसाच चालू ठेवला. निकाल काय लागायचा तो लागो. पण जिथं जातच नाही त्या देशाच्या कोर्टात 'जात' हा शब्द कुणी नेला? 21 फेब्रुवारी 2023 ला सिॲटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. विरोधाला उभे राहिलेल्यांत आपलेच देशबांधव होते. त्याच साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसलंच विधेयक मंजूर केलं आणि ऑक्टोबरात गव्हर्नरानं ते नाकारलं. म्हणाला, आहे तो कायदा पुरेसा आहे. हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय, नाही का? इंग्लंडातही 2013 साली पार्लमेंटनं जातीची तरतूद करा म्हणून सांगितलं आणि 2018 मध्ये सरकारनं गरज नाही म्हणून हात झटकले.

नांदेडच्या पोरांना एक वेगळी गोष्ट सांगतो. तुमच्या हुजूर साहिबला कॅनडा-इंग्लंडातनं भाविक येतात. आपण त्यांना फॉरेनचे सरदारजी म्हणतो आणि त्यांच्या बुटाकडं बघत बसतो. गुरू ग्रंथसाहिबात संत रविदासांची वाणी आहे, आपल्या नामदेवांची आहे. लंगरात सगळे एका पंगतीत. हे मोठंच आहे, मी त्याला हात जोडतो. पण परदेशात रविदासी लोकांना आपली वेगळी मंदिरं का उभी करावी लागली? आणि 24 मे 2009 ला ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या रविदास मंदिरात भर सत्संगात हल्ला झाला, त्यात संत रामानंद मारले गेले. पंजाबातलं भांडण युरोपच्या मधोमध. तिकडं जालंधर पेटलं. ज्या ग्रंथात रविदास आहे त्याचंच नाव घेऊन रविदासाच्या माणसांवर गोळी. धर्म बदलला, देश बदलला, पासपोर्टचा रंग बदलला, आणि हे?

दुसरा समज पांढरपेशांचा. तिकडं कामाला प्रतिष्ठा आहे, कुणीही कुठलंही काम करतं, प्रोफेसरचा पोरगा कपबशा धुतो. धूत असंल. सुट्टीत दोन महिने. पण कचरा कोण उचलतं ते विचारा. मेम्फिस, अमेरिका, 1 फेब्रुवारी 1968. पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार पाऊस चुकवायला कचऱ्याच्या ट्रकच्या मागच्या पोटात शिरले, कारण त्यांनी दुसरीकडं आडोशाला थांबलेलं वस्तीतल्या गोऱ्यांना खपत नव्हतं. ट्रकचं कचरा दाबायचं यंत्र सुरू झालं आणि दोघं चिरडले. यंत्र होतं हो! आपल्याकडं म्हणतात ना, यंत्र आलं की प्रश्न सुटंल? तिथं यंत्र होतं आणि माणूस कचऱ्यात गेला. 12 फेब्रुवारीला सुमारे 1300 कामगार संपावर गेले. गळ्यात पाट्या, 'मी माणूस आहे'. त्यांच्या पाठिंब्याला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंगला 4 एप्रिलला तिथंच गोळी घातली. 16 एप्रिलला संप मिटला, युनियन मान्य झाली, पगारवाढ मिळाली. हे सगळं दोन वर्षांपूर्वी, 1966 साली, ओकलंडात ब्लॅक पँथर निघाल्यावर झालेलं. 1972 साली मुंबईत आपल्या पँथरनं नाव घेतलं ते त्यांच्याकडनं. अमेरिकेकडनं आपण नाव घेतलं, तर ते गगनचुंबी इमारतीचं घेतलं नाही, हे ध्यानात ठेवा. बाबासाहेबांनीसुद्धा 1946 साली काळ्यांचे नेते डुबॉइस यांना पत्र घातलं होतं, काळ्यांनी युनोकडं दिलेल्या अर्जाच्या प्रती मागायला. आपलं परदेशाशी नातं असं आहे.

याच्या उलटा एक समज आहे, तोही इथं आणतो, कारण तो देवळाच्या ओट्यावर फार चालतो. तिकडं संस्कृती नाही, आईबापाला म्हातारपणी आश्रमात टाकतात, नाती नाहीत, सगळा भोग. वा! ज्यांनी अर्धा गाव वेशीबाहेर टाकला ते आईबापाला टाकण्यावर रडतात. 1978 च्या ऑगस्टमध्ये, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला म्हणून, याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना जाळलं. पुढं 25 नोव्हेंबर 1993 ला याच नांदेडात गौतम वाघमारेंना नामांतरासाठी स्वतःला पेटवून घ्यावं लागलं. संस्कृतीचा उजेड म्हणतात तो हाच असंल तर आपल्याला तिकडचा अंधार चालंल.

आता पोटाचं बोलू. धर्माबाद, बिलोलीच्या पलीकडं निजामाबाद. तिथनं घरटी माणूस आखातात गेलेली गावं आहेत, आणि ते वारं इकडंही लागलंय. माझ्या ओळखीचा कंधार तालुक्यातला एक पोरगा असाच गेला. एजंट म्हणाला, सुपरमार्केटात हेल्पर, एसीत काम. सावकाराचं कर्ज काढून पैसे दिले. उतरल्यावर मालकानं पासपोर्ट घेतला आणि वाळवंटात शेळ्यांमागं पाठवलं. आईनं गावात शेळ्या राखल्या, पोरानं परदेशात राखल्या. फरक एवढाच, की आईला संध्याकाळी घरी येता येत होतं.

याला तिकडं कफाला म्हणतात. कफील म्हणजे मालक-जामीनदार, त्याच्या हाती तुमचा इकामा, म्हणजे राहण्याचं कार्ड. कतारनं 2020 मध्ये, सौदीनं 2021 मध्ये नियम थोडे सैल केले, कागदावर. मालकानं पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या बहुतेक देशांत कायद्याविरुद्ध आहे. हे आपल्या पोराला कोण सांगणार, एजंट? 12 जून 2024 ला कुवेतमध्ये मंगाफला कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली, सुमारे 45 भारतीय गेले. एका इमारतीत कोंबलेली, झोपलेली माणसं. आणि आपलं सरकार? सप्टेंबर 2020 मध्ये, करोनात, आखातात जाणाऱ्या आपल्या कामगारांची ठरवलेली किमान मजुरी सरकारनंच खाली आणली. तेलंगणातनं ओरड झाली, कोर्टात गेले, तवा 2021 मध्ये मागं घेतली. आपला भाव पाडणारा कफील दिल्लीतही बसतो.

लातूरच्या मित्रांचं दुखणं वेगळं. तुमच्याकडं क्लासच्या पाट्यांनी आभाळ दिसत नाही. इथं नंबर लागला नाही की रशिया, किर्गिझस्तान, फिलिपाइन्स, 'स्वस्तात डॉक्टर'. परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते आणि बसणाऱ्यांतले बहुतेक नापास होतात, हे पाटीवर लिहीत नाहीत. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनात युद्ध पेटलं. स्टेशनावर भारतीय आणि आफ्रिकी पोरांना गाडीत चढू दिलं नाही, आधी गोरे. बॉम्ब पडत असतानाही रंग बघायला वेळ होता लोकांना.

मग जाऊ नका म्हणतो का मी? अजिबात नाही. 'देशातच राहा, देशसेवा करा' हे आपल्याला सांगणाऱ्यांची पोरं कुठं आहेत ते आधी विचारा. बाबासाहेब गेले म्हणून आपण इथं बसलोय. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, 75 जागा, आपल्या पोरांसाठी. केंद्राचीही आहे. पण 2022 मध्ये केंद्रानं तिच्या नियमात घातलं, की भारताची संस्कृती, इतिहास, समाज यांवर संशोधन करायला ही मिळणार नाही. म्हणजे कोलंबियात बसून 'भारतातील जाती' हा निबंध वाचणारा विद्यार्थी आज या पैशावर जाऊ शकणार नाही. 1916 साली ज्यानं तो वाचला त्याचे फोटो त्याच खात्याच्या भिंतीवर आहेत. या नियमावर आपण मोर्चा काढला का? नाही काढला. तो काढायचाय.

जे मजुरीला जाणार त्यांच्यासाठी कामाचं सांगतो, वहीत लिहून घ्या. दहावी पास असाल तर पासपोर्टवर वेगळी मंजुरी लागत नाही. नापास असाल तर आखातासह 18 देशांत कामाला जायला सरकारी मंजुरी, एमिग्रेशन क्लिअरन्स, लागते. ती नको म्हणून 'व्हिजिट व्हिसावर चल' म्हणणारा एजंट तुम्हाला बुडवणार. एजंट नोंदणीचा आहे का ते बगा. नोंदणीवाल्यालाही सेवेचे 30,000 रुपये आणि वरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. 'आझाद व्हिसा' नावाचा व्हिसा कुठल्याच देशात नसतो. करारनामा समजणाऱ्या भाषेत वाचून घ्या, पासपोर्टची एक झेरॉक्स आईजवळ ठेवा, एक इथल्या शाखेत. फसलेल्याच्या घरी जाऊन कागद भरायला दोन पोरं नांदेडला आणि दोन लातूरला पाहिजेत. नावं आज इथंच, मला द्यायची.

जय भीम.