जंतू दोषी कसा ठरतो?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त कामरगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सूक्ष्म जीवांचा विषय निघाला की आपल्यापैकी कुणीतरी निगोदाचा दाखला देतोच. तो मोह मी टाळतो. जिनवाणीला सूक्ष्मदर्शकाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. आणि अमुक रोग अमुक जंतूमुळेच होतो काय, हा प्रश्नही निराळा आहे. त्यासाठी आपल्या न्यायग्रंथांतील अन्वय-व्यतिरेक अधिक कामी येतो.

जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख यांनी १८८४ च्या सुमारास कसोटी मांडली. रोग्याच्या देहात तो जंतू सापडावा, निरोग्याच्या देहात सापडू नये. तो वेगळा काढून वाढवता यावा. आणि निरोगी प्राण्याला टोचल्यास तोच रोग उद्भवावा. या अखेरच्या अटीपाशी आपले मन थबकते, आणि थबकावेच. कॉलऱ्याच्या बाबतीत खुद्द कॉखही तेथेच अडले. प्राण्यांना तो रोग होईना.

आता आपल्या विदर्भाचे उदाहरण. १९६५ साली नागपूरकडील चांदीपुरा येथील तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, एक नवा विषाणू आढळला. त्याला चांदीपुऱ्याचेच नाव मिळाले. परंतु त्या वेळी नागपुरात डेंग्यू-चिकुनगुन्याची साथ होती. मग ताप याच विषाणूचा, हे कशावरून? सापडणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. तो सुमारे चार दशके संशयितच राहिला.

२००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ बालकांना मेंदूज्वर झाला, १८३ दगावली. महाराष्ट्रातही बालके आजारी पडली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी प्रथम जपानी मेंदूज्वरासारखे परिचित संशयित तपासून बाजूला काढले. मग रुग्णांच्या नमुन्यांतून चांदीपुरा विषाणू वेगळा केला, त्याची जनुकीय खूण शोधली आणि रक्तात ताज्या संसर्गाची प्रतिपिंडे पाहिली. मृत बालकाच्या मेंदूतही विषाणूची खूण मिळाली. एकेकटा पुरावा लंगडा होता. सारे एकाच दिशेला बोट दाखवू लागले, तेव्हा दोष सिद्ध मानला गेला. तरीही काही बालरोगतज्ज्ञांनी हा मेंदूज्वर नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आघात आहे, असा आक्षेप घेतला. मला तो आक्षेप मोलाचा वाटतो. संशय घेणारा नसता तर पुरावा इतका कसून तपासला गेला नसता.

२०२४ मध्ये गुजरातेत हा विषाणू पुन्हा उसळला. त्यावर अद्याप लस नाही, खास औषध नाही. तो पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. त्या भेगा लिंपून घेणे, मुलांना मच्छरदाणीत निजवणे, आणि तापासोबत झटके आल्यास तासभरही न दवडता रुग्णालय गाठणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.